रूढी कायद्यात कशी शिरते, आणि कोणाच्या तोंडून

लालबाग-परळच्या एखाद्या हॉलमधलं लग्न डोळ्यांसमोर आणा. अंतरपाट धरलेला आहे, मामा नवरीच्या मागे उभे आहेत, शेवटचं मंगलाष्टक ‘सावधान’वर येऊन थांबतं. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि निम्मा हॉल जेवणाकडे वळतो. जमलेल्या सगळ्यांच्या लेखी लग्न लागलं. कायद्याच्या लेखी मात्र ते अजून पूर्ण व्हायचं असतं. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 सांगतं की दोघांपैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी करून लग्न लागू शकतं, आणि त्या विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. सप्तपदी तर बहुतेक वेळा मागाहून होते. तेव्हा होमाशेजारी भटजी, आईवडील आणि चार नातेवाईक उरलेले असतात. बाकीचे पानावर बसलेले असतात.

एरवी या फरकाने काही बिघडत नाही. बिघडतं ते लग्न कोर्टात सिद्ध करायची वेळ आली की. 1965 साली सर्वोच्च न्यायालयात भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला निकाली निघाला. आरोप असा, की पहिली बायको असताना त्यांनी 1962 साली गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं. कोर्टाने विचारलं, त्या दुसऱ्या लग्नात होम झाला का? सप्तपदी झाली का? नव्हती झाली. मग यांच्या समाजात या दोन विधींशिवाय लग्न लावायची जुनी रूढी आहे का? गेल्या पाच-सात वर्षांत अशी काही लग्नं झाली, एवढंच साक्षीत आलं. पाच-सात वर्षांच्या प्रघाताला रूढी म्हणत नाहीत, असं कोर्टाने ठरवलं. दुसरं लग्न कायद्याने ‘लागलेलंच’ नसल्यामुळे द्विभार्येची शिक्षा रद्द झाली.

हा निकाल आजही लागू आहे आणि त्याची झळ बाईलाच जास्त बसते. पहिल्या बायकोला नवऱ्याचा गुन्हा शाबीत करता येत नाही, आणि दुसरीला आपण बायको आहोत हेच सिद्ध करता येत नाही. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यावर हिंदू लग्न उभं राहत नाही. महाराष्ट्रात लग्नाची नोंद 90 दिवसांत करायची असते, ती जरूर करावी. पण ती लागलेल्या लग्नाची नोंद असते, लग्न लावणारी नोंद नव्हे. ज्यांना विधी नकोच आहेत त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. तिथे 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि अधिकाऱ्यासमोर उच्चारलेला होकार यांनीच लग्न लागतं. व्हिडिओवाल्याला अक्षतांबरोबर सातही पावलं चित्रित करायला सांगणं, हे वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त आहे.

सगळ्यांकडे सप्तपदी असते असंही नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर महाराष्ट्रात बौद्ध पद्धतीची लग्नं रुजली: पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण-पंचशील. बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो, म्हणून त्यांनाही कलम 7 मधल्या ‘रूढी’ या शब्दातूनच जावं लागतं. इथे पेच पडतो. जी रीत जाणूनबुजून, जुनी मोडून नव्याने घडवली, तिला ‘जुनी’ असण्याच्या मापाने कसं मोजायचं? आज त्या रितीला सत्तर वर्षं होत आली, लाखो घरांनी ती पाळली. सुरुवातीच्या जोडप्यांपाशी मात्र ही मुदत नव्हती. कायद्याला जुनेपण आवडतं, आणि ज्यांनी जुलूम झुगारून नवी वाट काढली त्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

मग रूढी म्हणजे नेमकं काय? त्याच कायद्याचं कलम 3 सांगतं: दीर्घकाळ, सलग आणि एकसारखी पाळली गेलेली आणि म्हणून एखाद्या भागात, जातीजमातीत, समूहात किंवा कुटुंबात कायद्याचं बळ आलेली रीत. ती निश्चित हवी, गैरवाजवी नको, लोकहिताविरुद्ध नको. एकाच कुटुंबापुरती असेल तर त्या कुटुंबाने ती मध्येच सोडून दिलेली नको. ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठी 1189 हे साल धरलं गेलं होतं, आपल्याकडे असा आकडा नाही. न्यायाधीश पुरावा पाहून ठरवतो.

आणि खरी गोम ‘पुरावा’ या शब्दातच आहे. रूढी आपण होऊन कोर्टात येत नाही. कोणीतरी पिंजऱ्यात उभं राहून सांगतं की आमच्यात असं असतं. कायदा संस्कृती ऐकतो ती त्या माणसाच्या तोंडून. बोलायला कोण उभं राहिलं आणि कोणाला कोणी विचारलंच नाही, यावर पुढच्या शंभर वर्षांचा कायदा ठरलेला आहे.

मुंबई इलाख्यात हे फार ठळक दिसतं. बंगालमध्ये इंग्रजांनी 1772 पासून हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण असा हिशेब मांडला. मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातल्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनने क्रम वेगळा लावला: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर त्या मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटी न्याय, समता व सद्सद्विवेक. ग्रंथाच्या आधी वहिवाट. त्यासाठी आर्थर स्टील यांनी दख्खनच्या जातीजातींच्या रिती गोळा करून ग्रंथ केला. माहिती दिली ती शास्त्र्यांनी आणि जातीच्या प्रमुखांनी. बायकांच्या वारशाबद्दल, पुनर्विवाहाबद्दल, पोटगीबद्दलही त्याच पुरुषांनी सांगितलं. पुढे 1868 मध्ये रामनाडच्या दत्तकाच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, अख्ख्या देशासाठी म्हटलं, की वहिवाटीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या वचनाला भारी पडतो.

याचा फटका कोणाला बसला ते मुंबईच्याच खोजा या मुसलमान समाजातल्या 1847 च्या दाव्यात दिसतं. खोजा मुलींनी बापाच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. समोरून साक्ष आली की आमच्यात मुलींना वारसा नसतो, हिंदूंसारखी रीत चालते. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. ग्रंथात हक्क होता, रूढीत नव्हता, आणि रूढी काय हे सांगणारे घरचे पुरुष होते. 1937 साली शरियत कायदा आला तेव्हा त्याच्या उद्देशपत्रिकेतच लिहिलं होतं, की रूढीच्या कायद्याखाली मुसलमान बाईची स्थिती लाजिरवाणी आहे आणि मुस्लिम महिला संघटनांनी या रूढीचा निषेध केला आहे. धर्माचा कायदा बाईच्या विरोधात आणि स्थानिक रूढी तिच्या बाजूची, असं सरसकट समजण्याआधी हे नव्वद वर्षांचं अंतर लक्षात घ्यावं.

कधीकधी तर परक्या संस्कृतीची रीत इथली म्हणून खपवली गेली. रखमाबाईंचा खटला हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, मग वाढ आईच्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बायकोला नांदायला पाठवा. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं होतं, की हा असला दावा इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. अपिलात हा निकाल फिरला आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. सनातनी मंडळींनी या हुकमाचं ‘आपला धर्म वाचला’ म्हणून स्वागत केलं. पण ज्या इंग्लंडमधून हा उपाय आला होता, तिथे त्यासाठीची तुरुंगाची शिक्षा 1884 मध्येच काढून टाकलेली होती. 1888 मध्ये 2000 रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. तो उपाय मात्र आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आहे. तुरुंग गेला. हुकूम मोडला तर आता मालमत्ता जप्त होऊ शकते.

आता जे रोज घडतं त्याकडे येऊ: काडीमोड.

महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये पंचांसमोर काडी मोडून लग्न सोडण्याची आणि पुन्हा पाट लावण्याची रीत पूर्वापार होती. उच्चवर्णीयांच्या शास्त्राला घटस्फोट ठाऊक नव्हता तेव्हा शेतकरी-कारागिरांच्या घरात तो होता. कायदेमंडळाला इथवर पोचायला वेळ लागला. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा 1947 चा, देशाचा 1955 चा. 1955 च्या कायद्याने ही जुनी वाट बंद केली नाही. कलम 29, पोटकलम 2 रूढीने मिळालेला घटस्फोटाचा हक्क शाबूत ठेवतं.

याच कलमाच्या भरवशावर आज मुंबईत कोर्टांबाहेरच्या टेबलांवर ‘फारकतनामा’ टाइप होतो. मुद्रांक कागद, दोघांचे फोटो, चार साक्षीदार, नोटरीचा गोल लाल शिक्का. दोन्हीकडची माणसं समजतात, सुटलं. नोटरीने काय केलेलं असतं? या सह्या याच माणसांनी केल्या, एवढंच प्रमाणित केलेलं असतं. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. ज्या समाजात काडीमोडीची रूढी नाही, त्यांच्यासाठी हा कागद कोरा आहे. रूढी असलेल्या समाजातही तो नुसता सुरुवातीचा पुरावा आहे.

त्यानंतर कोणी दुसरं लग्न केलं की गाठी बसत जातात. पहिलं लग्न कायम असल्यामुळे दुसरं कलम 11 खाली शून्य ठरतं. द्विभार्येचा गुन्हा, पूर्वी भारतीय दंडसंहितेचं कलम 494 आणि आता भारतीय न्यायसंहितेचं कलम 82, गळ्यात पडू शकतो. नवरा वारल्यावर पेन्शनच्या कार्यालयात दोन बायका उभ्या राहतात, आणि कागद हातात असलेल्या दुसरीला परत पाठवलं जातं. मुलं मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे औरसच मानली जातात, याबद्दल निष्कारण घाबरू नये.

काडीमोड खरोखर रूढीने झाली असेल आणि ती टिकवायची असेल, तर कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थिती जाहीर करणारा निकाल मागता येतो. मुंबईचं हे न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दाव्यात पहिल्यापासून नेमकं लिहावं लागतं: जात कोणती, पोटजात कोणती, मूळ मुलूख कोणता, रूढी काय, पंच कोण, विधी कसा होतो, पैसे-दागिने परत देण्याची रीत काय. ‘आमच्यात चालतं’ एवढं मोघम वाक्य पहिल्याच उलटतपासणीत कोसळतं. त्यानंतर दाखले लागतात. वेगवेगळ्या घराण्यांतले, वेगवेगळ्या सालांतले, ज्यांत काडीमोडीनंतर दोघांनी पुन्हा संसार मांडले आणि समाजाने ते मानले. सगळे साक्षीदार एकाच घरचे असले तर वजन पडत नाही. स्वतः पाहिलेलं सांगणारी वडीलधारी माणसं हवीत. पंचांची वही, जुना कोर्टनिकाल, गॅझेटियरमधली नोंद मिळाली तर उत्तम. एखादी रूढी कोर्टांनी वारंवार मान्य केलेली असेल तर ती दरवेळी नव्याने सिद्ध करावी लागत नाही.

मुंबईकरांचा एक खास प्रश्न असतो: आजोबा साताऱ्याहून गिरणीत आले, आम्ही तीन पिढ्या इथे, मग गावची रूढी आमची राहिली का? कायद्याचं उत्तर असं, की स्थलांतर करणारं कुटुंब आपला वैयक्तिक कायदा बरोबर घेऊन येतं असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायचं असेल तर ते म्हणणाऱ्यावर. पण ज्या मुलखातून आलात त्याच मुलखाची रूढी दाखवावी लागते. विदर्भातले दाखले साताऱ्याच्या घराला चालत नाहीत.

आणखी एक मर्यादा पक्की आहे. जातीच्या पंचांनी बाईला परस्पर मोकळं करणं मुंबई उच्च न्यायालयाने 1876 मध्येच नाकारलं: लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानत नाही. मतलब, दोघांच्या संमतीची काडीमोड मानली जाऊ शकते, जातीचं फर्मान नाही. आणि पंचांचा हुकूम न मानणाऱ्याला वाळीत टाकलं तर 2016 चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

दोघांची संमती असेलच तर या सगळ्या खटाटोपापेक्षा हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब सरळ आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असा, एकत्र अर्ज करा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहा. 2017 पासून योग्य प्रकरणात हे सहा महिनेही कोर्ट माफ करू शकतं. हातात हुकूमनामा येतो आणि तो पेन्शन, पासपोर्ट, बँक सगळीकडे चालतो.

पागडीचा, म्हणजे भाड्याची जागा देता-घेताना भाड्याव्यतिरिक्त घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, मार्ग वेगळा, तिथे रूढीने कायद्याला वाकवलं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जागा देताना भाड्याशिवाय रक्कम घेणं गुन्हा ठरवलं, आणि भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. पागडी थांबली नाही, फक्त पावतीशिवाय चालू लागली. खोली विकणाऱ्या भाडेकरूने आलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा, कुठे निम्मा, मालकाला द्यायचा आणि मालकाने नव्या माणसाच्या नावे भाडेपावती फाडायची, हा बोलीचा व्यवहार गिरगाव-दादरच्या चाळींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या झाला. अखेर 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला, कलम 56 मध्ये ही देवघेव कायदेशीर केली. मालकाचा हिस्सा किती हे कायदा आजही सांगत नाही. ते बोलीवरच आहे, म्हणून लेखी करून घ्यावं.

शेवटी हक्कसोड, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा लिहून सोडून देणं, कारण इथे रूढी कायद्यानंतर येते आणि त्याने दिलेलं परत घेते. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ते वगळणंही काढलं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. कायदा इतका स्वच्छ. तरी मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून गावी गेलेल्या बहिणीला भाऊ गाडीत घालून दुय्यम निबंधक कार्यालयात नेतो, आणि संध्याकाळी ती साडीचोळी घेऊन परत येते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती कुठल्याही कलमापेक्षा जड आहे. राज्याने रक्ताच्या नात्यातल्या, विनामोबदला हक्कसोडीवर मुद्रांक शुल्क नाममात्र ठेवलं आहे, म्हणजे रूढी स्वस्तही केली.

सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तिचा अधिकार आहे. पण सही करण्याआधी दस्त स्वतः वाचावा. गट नंबर, क्षेत्र, ‘विनामोबदला’ की काही रक्कम, आणि हक्क कोणाच्या लाभात सोडला, हे चार रकाने पाहावेत. भावाने एका शेताचं सांगितलं आणि दस्तात घरही आहे, असं होतं. स्थावराची हक्कसोड नोंदणीकृतच लागते. तलाठ्याकडे दिलेला साधा जबाब किंवा कोऱ्या कागदावरचा अंगठा यांनी हक्क जात नाही, जरी सातबाऱ्यावरून नाव उडालं तरी. फेरफाराची नोटीस आली तर 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. ती तारीख, आणि फसवणूक कशी कळली, कोणी सांगितली, कुठल्या कागदावरून, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं.